चटणीतली गोळी

प्रतिभाला राग आला की ती अदबीने बोलायला लागते. मखमलाबादच्या त्या मळ्यात हे सगळ्यांना पाठ आहे. एरवी नवऱ्याला ती 'अहो' म्हणते, तेही अर्धं गिळून. पण 'वाल्मीकराव' अशी हाक आली की वाल्मीक हातातलं काम टाकून चपला शोधायला लागतो. सासूशी ती एरवी धसमुसळं बोलते, आणि चिडली की 'आपण' म्हणते. 'आपण चहा घेतलात का, आत्याबाई?' असं तिने विचारलं की सिंधुबाई ओळखते, आज काही खरं नाही.

गेल्या नवरात्रात पहिले सात दिवस ती सगळ्यांशी फार अदबीने वागली.

घर झेंडूवर चालणारं. वर्षभर शेवंती, थोडी कोथिंबीर, पण खरा जीव दसऱ्याच्या झेंडूवर. पहाटे तोडणी, क्रेट भरून वाल्मीकची पिकअप नाशिकच्या फुलबाजारात, दुपारी पुन्हा तोडणी. या घराला नवरात्रात कंबर टेकायला सवड नसते. आणि याच नवरात्रात शेखरने घटाला बसायचं ठरवलं.

शेखर तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो हाफ चड्डीत शाळेत जायचा आणि पाहुण्यांसमोर 'ए वहिनी' म्हणून तिला ओरडून हाका मारायचा. तिनेही त्याला कधी भाऊजी म्हटलं नाही. आयटीआय करून तो अंबडच्या एका कारखान्यात लागला, आणि एका दुपारी शिफ्ट अर्धी टाकून घरी आला. म्हणाला, मशीन माझं नाव घेतंय. पुढे मशीनची गरज उरली नाही. नुसतेच आवाज यायला लागले, ते पंख्यातून, नळातून, कधी भिंतीतून.

मग ज्याने त्याने आपापल्या परीने त्याचा अर्थ लावला. सिंधुबाई म्हणाली, वारं लागलंय. तिने लिंबं उतरवली, दोरे बांधले, वणीच्या गडावर अनवाणी चढून नवस बोलली. वाल्मीक म्हणाला, कामाचा कंटाळा, दुसरं काही नाही. एकदा त्याने शेखरच्या थोबाडीत मारली आणि मग गोठ्यामागे जाऊन स्वतःच रडत बसला. प्रतिभा काहीच म्हणाली नाही, कारण तिला काहीच कळत नव्हतं. तिने फक्त शेखरला विचारलं, काय म्हणतात रे ते?

घरात हे कोणी विचारलंच नव्हतं. शेखर हळूच म्हणाला, "म्हणतात, तुझ्या जेवणात काहीतरी घालतात हे लोक."

प्रतिभाने त्याच्या ताटातला एक घास उचलला आणि त्याच्यासमोर खाल्ला. मग तो जेवला. कितीतरी महिने हे असंच चाललं: आधी एक घास वहिनीचा, मग त्याचं जेवण. सिंधुबाई नाक मुरडायची. दिराच्या ताटात हात घालतेस, लोक काय म्हणतील? प्रतिभा म्हणायची, लोकांना जेवायला बोलावलेलं नाही.

दवाखान्यातही तीच घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, मेंदूतल्या रसायनांचं सांगितलं, शुगरसारखं सांभाळावं लागेल म्हणाल्या. प्रतिभाने ते आपल्या भाषेत करून घेतलं. ठिबकची नळी चोक होते, तेव्हा एका झाडाखाली तळं साचतं आणि शेजारचं वाळतं. त्यात झाडाचा दोष नसतो, जमिनीचा नसतो. नळीत औषध सोडायचं आणि सोडत राहायचं. एवढं तिला पटलं, आणि एकदा पटलं की ती बाई हलत नाही.

शेखरने गोळ्या घेतल्या, बरा झाला. मग हात थरथरतात, सकाळी डोळे उघडत नाहीत, अशा तक्रारी सुरू झाल्या. त्यात शेजारच्या तानुबाईने एका हळदीच्या कार्यक्रमात चारचौघींत विचारलं, तुमच्या शेखरच्या त्या येड्याच्या गोळ्या चालू आहेत का अजून? त्याच दिवशी त्याने सगळी पाकिटं शेणखताच्या खड्ड्यात टाकली. महिनाभराने तो पुन्हा आजारी पडला, आधीपेक्षा वाईट.

तेव्हा वाल्मीकने आणि तिने दोघांनी मिळून ठरवलं. गोळी चटणीत.

शेंगदाणे, लाल मिरची, भरपूर लसूण. खलबत्त्यात सगळ्यात शेवटी गोळी. लसणापुढे तिचा कडूपणा टिकत नाही. बाजरीच्या भाकरीबरोबर शेखरला चटणी रोज सकाळी लागायचीच. त्याचा वाटा वेगळा, छोट्या वाटीत. डॉक्टरबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, अडचण समजते, पण असं फार काळ चालवू नका, त्याला सांगा. वाल्मीक म्हणाला, सांगितलं तर घेणार नाही. मग सांगणं दिवाळीवर गेलं, दिवाळीवरून संक्रांतीवर, आणि संक्रांतीनंतर कोणी तो विषयच काढला नाही. शेखर इतका छान झाला होता. मळ्यात राबत होता, पाट्या उचलता उचलता बायांची थट्टा करत होता. आपल्या ताटातला घास आधी वहिनीने खावा, असंही आता त्याला वाटत नव्हतं.

आणि कोणामुळे बरा झाला? सिंधुबाईच्या मते गडावरच्या देवीमुळे. शेखरच्या मतेही देवीमुळेच. दुसरं काय वाटणार त्याला? आपण औषध टाकून दिलं आणि तरी बरे झालो, एवढंच त्याला माहीत. म्हणून त्याने ठरवलं की यंदा नऊ दिवस घटापाशी बसायचं, उपास करायचा, पायात चप्पल घालायची नाही. देवीचे उपकार फेडायचे.

प्रतिभा देव मानणारीच आहे. तिला वाटलं, बसू दे. उपासाला लसूण चालत नाही तर काय झालं, हिरव्या मिरचीचा दाण्याचा ठेचा करू, त्यात घालू. पहिल्या माळेच्या सकाळी तिने तसा ठेचा केलाही.

त्याच दुपारी तिची पाळी आली.

सिंधुबाईने तिला पडवीत बसवलं. घट बसलेत, या दिवसांत स्वयंपाकघरात पाय नाय टाकायचा, आणि पाच दिवसांचं नाय, घट उठेस्तोवर. प्रतिभाने विचारलं, मग तोडणीचं काय? सिंधुबाई म्हणाली, तोडणीला काय, मळ्यात चालतं. म्हणजे चुलीला हात लावायचा नाही, पण बाजारात जाऊन अख्ख्या नाशिकच्या देवघरांत पोचणारा झेंडू तिनेच तोडायचा. घटावरच्या रोजच्या माळेचा झेंडूसुद्धा. प्रतिभा म्हणाली, "आपण म्हणाल तसं." तेव्हाच वाल्मीकने मान खाली घातली.

गोळ्यांचा डबा स्वयंपाकघरात, मिरचीच्या डब्यामागे. तिने वाल्मीकला गाडीपाशी गाठून सगळं समजावून सांगितलं. ठेचा आत्याबाई करतील, तुम्ही फक्त त्याच्या वाटीत कालवायचं, किंवा डबाच बाहेर आणून द्या, माझं मी बघते. वाल्मीक म्हणाला, तू फुलांचं बघ, एवढं काय अवघड आहे. त्यानंतर रोज सकाळी तिने विचारलं, दिली का? आणि रोज त्याने क्रेटचा दोर आवळता आवळता सांगितलं, दिली ना.

चौथ्या माळेपासून शेखर झोपेनासा झाला. सिंधुबाई कौतुकाने सांगायची, पोरगं रातभर दिव्याला तेल घालतं. सहाव्या माळेला त्याने प्रतिभाशी बोलणं बंद केलं. पडवीवरून जाताना अंग चोरून जायचा. तिने वाल्मीकला पुन्हा विचारलं. तो वैतागला, किती वेळा सांगू, देतोय. तिने विश्वास ठेवला. डोक्यावर दिवसभर क्रेट असताना माणूस आणखी काय करणार?

सातव्या माळेला दुपारी ती मळ्यातून आली, तर अंगणात चपलांचा ढीग.

ओसरीवर शेखर पाटावर बसला होता. केस मोकळे, कपाळभर कुंकू, आणि गळ्यात झेंडूची माळ. घटासाठी म्हणून सकाळी तिने तोडून दिलेली फुलं होती ती. पुढ्यात नारळ, उदबत्त्या. सगळ्यात पुढे तानुबाई पदर पसरून विचारत होती की माझ्या सुनेला दिवस कधी जातील. तीच तानुबाई, हळदीच्या कार्यक्रमातली.

शेखर मान डावीकडे कलती करून आधी ऐकायचा आणि मग तुटक तुटक बोलायचा. पाणी आहे. पाण्याखाली लोखंड आहे. ते म्हणतात, झाकण उघडू नको. एक बाई लगेच दुसरीला समजावून सांगत होती की म्हणजे यंदा नाही, पुढच्या वर्षी.

बाजूला सिंधुबाई उभी होती, तबक घेऊन. लेकाच्या आजारपणात ती बाई गल्लीतून मान खाली घालून गेलेली, पाण्याला गेली तरी सगळ्यांच्या आधी नाहीतर सगळ्यांच्या नंतर. आज तिची मान वर होती. आपला लेक येडा नव्हता, देवीचा होता, हे तिला सगळ्या गावादेखत दिसत होतं. प्रतिभाला ते कळलं. कळलं म्हणूनच तिचा संताप दुप्पट झाला.

कारण तिला आणखी एक गोष्ट दिसत होती, जी इतक्या बायांत एकीलाही दिसली नाही. शेखर अंगठ्याच्या नखाने बाजूची कातडी सोलत होता. रक्त आलं होतं. कारखान्यातून पळून आला त्या दुपारी तो हेच करत होता. आणि त्याचे डोळे. लोक ज्याला तेज म्हणत होते, ती भीती होती. घाबरून अर्धमेला झालेला माणूस पाटावर बसवून त्याला नारळ वाहत होते हे सगळे.

तिने क्रेट खाली ठेवला आणि बायांच्या मधून वाट काढत सरळ स्वयंपाकघराकडे निघाली.

"प्रतिभा, आत नाय जायचं," सिंधुबाई म्हणाली.

"आपण पूजा करा, आत्याबाई."

मिरचीच्या डब्यामागचा डबा तिने काढला. पाकीट पहिल्या माळेला ठेवलं होतं तसंच. एक गोळी कमी झाली नव्हती. मागच्या दाराशी वाल्मीक उभा होता, रिकामा क्रेट छातीशी धरून.

"वाल्मीकराव, यातली एकही तुम्ही दिलेली नाही."

वाल्मीकने आधी क्रेटकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "बरा झाला होता गं तो. मला वाटलं, किती दिवस द्यायच्या? आणि तो देवीसमोर बसलेला, तिच्यासमोर त्याला फसवून कालवायचं, माझा हातच होईना."

"मला फसवायला झाला हात."

ती तांब्याभर पाणी घेऊन बाहेर आली, शेखरसमोर बसली आणि गोळी तळहातावर धरली. त्याला म्हणाली, शेखर, ही घे. तबक खणकन वाजलं.

"लाज नाय वाटत? देवीच्या तोंडी गोळी घालतेस, अन् तीही विटाळाच्या हातानं?"

"याच हातानं तोडलेली फुलं त्याच्या गळ्यात आहेत, आत्याबाई. ती चालली आपल्याला." प्रतिभाचा आवाज अजिबात चढला नव्हता. ती बायांकडे वळली. "देवी नाही आलेली याच्या अंगात. आजार आलाय, जुनाच आहे. गोळीनं आटोक्यात होता. रोज चटणीतून देत होते मी, सहा दिवस दिली नाही, म्हणून हे. आता आपण सगळ्या घरी जा."

हे सगळं ती सासूला सुनावत होती, तानुबाईला सुनावत होती, मागच्या दारात उभ्या नवऱ्याला सुनावत होती. आणखी कोण ऐकतंय, याचं भान तिला राहिलं नाही.

"कोणत्या चटणीतून?" शेखरने विचारलं.

कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्याने मान कलती न करता थेट तिच्याकडे पाहिलं.

"सकाळच्या," ती म्हणाली.

त्याने गळ्यातली माळ काढली, घटाला धक्का लागणार नाही अशी बाजूला ठेवली आणि उठून चालू लागला. बायांनी त्याला वाट दिली. तो अनवाणीच अंगण ओलांडून गेला आणि पिकअपच्या केबिनमध्ये बसला. काचा वर केल्या. तानुबाईने इकडेतिकडे पाहून आपला नारळ उचलला, पुन्हा पिशवीत टाकला आणि चपला शोधायला लागली.

प्रतिभा गाडीच्या दुसऱ्या बाजूने चढून त्याच्या शेजारी बसली. मागे अर्धी गाडी झेंडूने भरलेली होती, केबिनभर वास. तो बोलला तेव्हा आवाज त्याचा स्वतःचा होता.

"ताट वाढलं की तू माझ्या तोंडाकडे बघत बसायचीस. मला वाटायचं, माया."

"माया होतीच की."

"आणि गोळी पण होती."

मग तिचा तोल गेला. काय करायला हवं होतं मी? तू खड्ड्यात फेकलीस. तुझा भाऊ मारायला धावायचा, तुझी आई दोरे बांधायची, तुला अंघोळ घालायला कोणी नव्हतं तेव्हा मी होते. नळी चोक झाली तर कोणीतरी साफ करायला नको?

"मी नळी नाही, वहिनी."

प्रतिभा त्याच्याकडे वळली.

"ते आवाज पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगत होते," शेखर म्हणाला. "जेवणात काहीतरी घालतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, असं काही नसतं. तू माझ्या ताटातला घास खाऊन दाखवलास. म्हणून मी त्यांना खोटं ठरवलं. रोज ठरवत होतो. आता कसं ठरवू?"

तिने आजवर राग धरला होता तो सासूवर, नवऱ्यावर, तानुबाईवर, लिंबांवर आणि दोऱ्यांवर. आता तोच राग घेऊन ती बसली होती आणि तो टाकायला कोणी सापडत नव्हतं.

तिने पाकीट काढून त्याच्या मांडीवर ठेवलं, फोडलेली गोळी वर. म्हणाली, घे म्हणत नाही, तुझं आहे, तुझ्याजवळ राहू दे. त्याने पाकीट उलटंसुलटं करून नाव वाचलं. अंगठ्याचं रक्त चंदेरी कागदाला लागलं.

"तुझ्या हातनं नाही घेणार," तो म्हणाला. "डॉक्टरबाईंकडे चल. त्यांच्यासमोर विचारायचं आहे मला."

तिने काच खाली केली. वाल्मीक गाडीपासून चार हातांवर उभा होता.

"वाल्मीकराव, गाडी काढा."

तो म्हणाला, अजून अर्धी तोडणी बाकी आहे, तीन दिवसांवर दसरा, फुलं झाडावर राहतील. प्रतिभाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने चावी काढली. तेवढ्यात सिंधुबाई फाटकाशी आली. घट उठायच्या आत पोरगा शिवेबाहेर गेला तर देवी कोपेल, असं तिचं म्हणणं. प्रतिभा तिला म्हणाली, गाडीत जागा आहे, तुम्हीही चला. सिंधुबाई गाडीकडे बघत राहिली, मग घराकडे, आत अखंड दिवा तेवत होता तिकडे. फाटक तिनेच उघडलं. आली मात्र नाही.

दवाखान्यात शेखरला दिवाळीच्या तोंडापर्यंत राहावं लागलं. डॉक्टरबाईंनी प्रतिभाला आणि वाल्मीकला समोर बसवून जे ऐकवलं, ते ती कोणाला सांगत नाही. शेखरने जे ऐकवलं, तेही नाही. त्या वर्षी मळ्यातला झेंडू झाडावर काळा पडला, आणि सिंधुबाई अजून म्हणते की सुनेनं घट बाटवले म्हणून हे झालं. पण मागच्या महिन्यात शेखरला तपासणीला न्यायचं होतं, तेव्हा ती आपणहून गाडीत जाऊन बसली. तिथे डॉक्टरबाईंना विचारलं की गोळीबरोबर दोरा बांधला तर चालेल का. डॉक्टरबाई म्हणाल्या, दोऱ्याने काही बिघडत नाही, गोळी चुकवू नका. सिंधुबाईच्या मते तिथे ती जिंकली.

शेखर आता गोळी सगळ्यांसमोर घेतो, ओसरीवर उभा राहून, पाण्याचा घोट मोठ्याने घेत. कधी दोन दिवस घेत नाही. मग भांडण होतं, उघड, सगळ्या मळ्याला ऐकू जाईल असं. पण प्रतिभाच्या हातचं तो खात नाही. स्वतःची भाकरी स्वतः थापतो, जाड आणि कडेला कच्ची. चटणी स्वतः कुटतो. सकाळी खलबत्त्याचा आवाज सुरू झाला की प्रतिभाच्या कपाळावरची शीर उडते. इतक्या वर्षांत या पोरासाठी आपण काय काय केलं, आणि हा आपल्यासमोर चटणी कुटतो. ती त्याला म्हणते, "शेखरराव, लसूण सोलून देऊ का?" तो म्हणतो, नको.

परवा सकाळी ती तोडणीवरून आली आणि ओसरीवर पाणी पीत बसली. शेखर आपलं ताट घेऊन समोर बसला. दुसऱ्या ताटात एक भाकरी तिच्यापुढे ठेवली, वर चटणीचा गोळा.

प्रतिभाने चटणीकडे पाहिलं. क्षणभरच पाहिलं, पण त्याने ते पकडलं.

"बघ, बघ नीट," तो म्हणाला. "कळू दे कसं वाटतं ते."

मग त्याने तिच्या ताटातला एक घास मोडला, चटणीला लावला, तिच्यासमोर खाल्ला आणि ताट तिच्याकडे सरकवलं.

ती जेवली. मीठ फार झालंय, असं तिने त्याला सांगितलं.